उलटी तार

खोक्याची पाठ उघडायला बावीस स्क्रू.
एकोणीस निघाले,
तिघांनी गंजाशी इमान राखलं, मोडले.
आत उंदराचं घर, अर्ध्या तिकिटांचं नि टॉफीच्या कागदांचं,
आणि राखाडी धूळ. ही पाटीच्या दगडाची धूळ.
खाणीतली माणसं कपडे न बदलता
शनिवारच्या खेळाला यायची.
बोटानं पुसून पाहिलं. पाटी कोरी झाली नाही.

थिएटर पाडलं त्या आठवड्यात
ठेकेदार म्हणाला, न्यायचं तर न्या, नाहीतर जाळतो.
चौघांनी उचललं, गॅरेजचं दार चौकटीसकट काढलं.
गाडी तेव्हापासून वेल्सच्या पावसात उभी
आणि गेरेन्ट त्याबद्दल काही बोलत नाही,
म्हणजे फारच बोलतो.

वर पत्र्याचा कर्णा. खाली दोन कागदी द्रोण,
पंधरा पंधरा इंचांचे.
डाव्याची कॉइल घासत होती.
तळव्यानं हलकेच दाबलं की खर्र,
खाणीतून निवृत्त झालेल्या छातीसारखं.
मधली टोपी ब्लेडनं कापली,
फटीत जुन्या फिल्मच्या पट्ट्या सारल्या, चार दिशांना चार,
कॉइल मधोमध राहावी म्हणून.
एका पट्टीवर कुणी बाई दार उघडत होती.
पाच चौकटींत काही ते उघडलं नाही.
डिंक वाळायला एक रात्र.
मी स्टुलावर, चहा थंड.

सकाळी द्रोणाच्या लोखंडी पाठीवर
पेन्सिलीची अक्षरं दिसली:
इद्वल, ११ मार्च १९६३.
बाबांचा नऊ, बाबांचा तीन,
शेपट्या लांब सोडलेल्या.

मग जोडावर दीड व्होल्टचा सेल टेकवला.
उजवा द्रोण शहाण्यासारखा पुढे आला.
डावा मागे गेला.

पुन्हा टेकवला. पुन्हा तेच.

एक ढकलतो, दुसरा ओढतो,
हवा मधल्या मध्ये जागच्या जागी,
खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.
सत्तावीस वर्षं
आमच्या गावात घोडदळ चवड्यांवर चालत आलं,
तोफा म्हणजे टेबलावर टिचकी,
जहाज बुडालं ते कपबशी बुडावी तसं.
लोक म्हणायचे, आपल्याकडे आवाज पातळच,
भिंती पितात.
बाबाही म्हणायचे, भिंती पितात.

लाल जागी काळी, काळ्या जागी लाल.
एवढंच.
रात्रीच्या खेळानंतर शिडीवर चढून,
एका हातात टॉर्च, थंडीनं बधिर बोटं,
आणि दवाखान्यातून निरोप यायचा होता.
माझा वाढदिवस बारा मार्चला असतो.

जुना टाका वितळवला. त्याचा वास
बाबांच्या कोटाला यायचा तसाच.
तार फिरवली, नवा टाका घातला, फुंकर मारली.

नेस्ताबाईंना बोलावलं. वय अठ्ठ्याऐंशी.
अंधारात टॉर्च मारून
त्यांनी सगळं गाव खुर्च्यांवर बसवलंय.
पुरुषांच्या समूहगानाची तबकडी लावली.
खर्ज फरशीतून टाचेत, टाचेतून गुडघ्यात,
फळीवरचा खिळ्यांचा डबा चालत कडेपर्यंत गेला.
पहिल्यांदाच कळलं, मागच्या रांगेतही माणसं गातायत.
बाईंनी काठीवर हनुवटी ठेवून सगळं ऐकलं.
"सुरेख," म्हणाल्या. "कुठल्या थिएटरातलं गं हे?"

ॲम्प्लिफायर बंद केला.
नवा टाका सोडवला, तारा पुन्हा उलट्या
पक्कडीच्या चिमट्यांनी नुसत्या अडकवल्या.
बटण दाबलं.
मागची रांग गप्प झाली.
"हां," म्हणाल्या नेस्ताबाई,
आणि त्यांचा हात
कोटाच्या खिशात टॉर्च शोधू लागला.

सोमवारी लिव्हरपूलचा माणूस पेटी न्यायला येईल.
पैसे मोजून देणार आहे, त्याला जोडणी सरळच मिळेल.
बाबांच्या तारखेखाली माझी तारीख घालून ठेवलीय,
दिवसाची जागा तेवढी रिकामी.

चिमटे अजून काढलेले नाहीत.
आज शनिवार.